शेवटचे दोन आकडे

उन्हाळ्याच्या तोंडावर एखाद्या मळ्याशेजारून जाताना विहिरीतल्या मोटारीची घरघर कानावर आली, की माझी पावले आपोआप मंदावतात. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. माझी पाठ मात्र सोडली नाही ती एका मोटारचोरीच्या प्रकरणाने. मोटार म्हणजे विहिरीतून पाणी उपसणारी विजेची मोटार. कुणाचे नाव मी इथे लिहिणार नाही. माझी चूक मात्र लिहिणार आहे, कारण सरकारी कागदांत ती कुठेही नोंदलेली नाही. कागदांत त्या तपासाबद्दल मला शाबासकी आहे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. रावेरच्या बाजूच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. माझे बालपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेले. केळी मला ट्रकमध्ये भरलेल्या घडांच्या रूपातच माहीत. ती झाडे किती पाणी पितात आणि वेळेवर पाणी न मिळाल्यास काय होते, याची मला काहीच कल्पना नव्हती.

त्या वर्षी हिवाळा सरताच मोटारी चोरीला जाऊ लागल्या. त्या काळी मोटार विहिरीच्या आत, पाण्यापासून थोड्या उंचीवर, लोखंडी गर्डरवर बसवलेली असे. चोर दोर सोडून खाली उतरत, नटबोल्ट काढून ती वर ओढून घेत. फिर्यादी ठाण्यात येऊन बसत आणि 'चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन' या रकान्यापाशी आमचे काम अडे.

"पाच हॉर्सपावरची, सायेब. हिर्वी," एक फिर्यादी म्हणाला.

"सगळ्यांच्याच हिरव्या आहेत. आणखी काही खूण?"

"आवाज. आवाजावरून वयखीन मी तिले. सकायी सुरू केली का आधी जराशी खोकलते."

आमचे जमादार सातारकडचे. पेन खाली ठेवून ते म्हणाले, "साहेब, मग चोराच्या आधी डॉक्टर शोधू या."

प्रत्येक मोटारीवर एक पितळी पट्टी असते आणि तिच्यावर कारखान्याचा नंबर कोरलेला असतो. तो एकाही फिर्यादीला सांगता आला नाही. तेव्हा मी जळगावला गेलो. आमच्या तालुक्यातल्या बहुतेक मोटारी तिथल्या एका मारवाडी शेठच्या दुकानातून गेलेल्या होत्या. शेठनी चहा मागवला आणि मुनिमाला जुनी बिलबुके काढायला सांगितले.

"साहेब, बिलावर नंबर टाकतो आम्ही. गिऱ्हाईक घरी जाऊन त्या बिलात गूळ बांधतो. आमची कार्बन कॉपी मात्र जागेवर असते."

फिर्यादींची नावे मी वाचत गेलो, मुनीम नंबर सांगत गेला. संध्याकाळी परतलो तेव्हा चोरीच्या मोटारींच्या नंबरांची यादी माझ्या खिशात होती. पण शोधायचे कुठे? चोरीचा माल सातपुड्याच्या पलीकडे, बऱ्हाणपूरकडे जात असावा असा सगळ्यांचा समज होता. आम्ही रस्त्यावर ट्रक थांबवून तपासत होतो. एके दिवशी असाच एक केळीचा ट्रक थांबवला. त्यावर घड भरणारा एक हमाल अधूनमधून मला खबर देत असे. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, बऱ्हानपूरच्या रस्त्यावर काय पाह्यता? मोटारी कुठीच नाही गेल्या. इथल्याच हिरींमंधी पानी उपसून राहिल्या."

"कुणाच्या विहिरीत?"

"ते मालूम असतं तं घड उचलत बसलो असतो का? मीच फौजदार झालो असतो नं!"

म्हणजे विहिरी तपासायच्या. पहिल्या दिवशी आम्ही अगदी बावळटासारखे काम केले. शिपाई विहिरीत उतरून सगळा नंबर ओरडून सांगे, वर जमादार यादी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत, मग तो नंबर नाही म्हणून पुढच्या विहिरीवर जायचे. तिथे पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. ऊन उतरले तेव्हा एका गावाचा कोपराही झाला नव्हता.

त्या दिवशी मला वडिलांची आठवण झाली. ते भुसावळच्या पार्सल ऑफिसात होते. गोदामात आलेला माल ते पावतीच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वेगवेगळ्या रांगांत लावत. मालक पावती घेऊन आला की एकच रांग पाहायची, बाकीच्या रांगांकडे वळायचेही नाही. पहिल्या आकड्यांवर का लावत नाही, असे मी लहानपणी विचारले होते. ते म्हणाले होते, "पहिले आकडे सगळ्यांचे सारखेच असतात." मोटारींचेही तसेच होते. एका सालच्या मोटारींचे पहिले आकडे जवळजवळ एकसारखे, फरक शेवटी.

मी चोरीची यादी नव्याने लिहून काढली. शेवटच्या दोन आकड्यांना एक पान. चौतीसने संपणारे नंबर चौतीसच्या पानावर, साठने संपणारे साठच्या. बहुतेक पाने कोरीच राहिली आणि तोच फायदा होता. विहिरीतून आधी फक्त शेवटचे दोन आकडे ओरडायचे. ते पान कोरे असेल तर मालकाचे नाव आणि ते दोन आकडे दुसऱ्या वहीत टिपायचे आणि पुढे निघायचे. पानावर काही असेल तरच पूर्ण नंबर वाचायचा. जिथे दिवस जात होता ते काम न्याहारीच्या आत होऊ लागले.

तिसऱ्या गावात जमादार हसत माझ्याकडे आले. "साहेब, फौजदार विहिरीतून मटक्याचा आकडा काढतात अशी बोलवा आहे. काल विहिरीतून चौतीसचा पुकारा झाला, तर तिघांनी चौतीसवर पैसे लावले."

"लागला का?"

"नाही ना. त्यामुळे आपल्यावर नाराज आहेत."

विहिरींत उतरायला आमचे शिपाई कुरकुरत होते. तेव्हा बाजारात मोटारी दुरुस्त करणारा मिस्तरी आपणहून पुढे आला. तो मूळचा पिंपळनेरकडचा, धुळ्याकडची बोली बोलणारा. हसतमुख, चपळ. "साहेब, तुमना पोलीस हिरमा कसा उतरतीन? माले रोजनी सवय शे," म्हणाला आणि दोर धरून सरसर खाली गेला. त्यानंतर तो रोज आमच्याबरोबर येऊ लागला. खालून तो आकडे सांगे, वर जमादार वही पाहत. दुपारी तो आमच्यातच बसून भाकरी खाई. मी त्याला आमचाच माणूस समजू लागलो.

बरीच गावे झाली तरी एकही नंबर जुळेना. मग एका गावी एका नानांच्या मळ्यावर आलो. नाना साठीचे, गावात मान असलेले, केळीच्या बागेबद्दल प्रसिद्ध. त्यांची मोटार विहिरीत नव्हती, नाल्याच्या काठी पत्र्याच्या खोलीत होती. उतरायचे काम नव्हते, म्हणून मिस्तरी बाहेर झाडाखाली बिडी ओढत बसला आणि शिपायानेच वाकून आकडे वाचले. जमादारांनी पान उघडले. पान कोरे नव्हते. पूर्ण नंबर वाचला. जुळला. खोकणाऱ्या मोटारीच्या त्या फिर्यादीचीच ती मोटार होती.

"नाना, ही मोटार तुमची?"

"आता माझीच म्हना. आधीची जयली, मंग हे बदली आनली."

"जळाली म्हणून बदली आणली, ती कुठून?"

नानांनी झाडाकडे बोट केले. "हा बसला नं, याच्याकडून. विचारा त्याले."

मिस्तरीने बिडी विझवली आणि नाना आपल्याकडे कधी आलेच नाहीत अशा थाटात तो शांतपणे म्हणाला, "नाना, तुम्ही मन्हाकडे कवय उनात? दुसरा कोनी व्हई तो."

"अरे, माझ्या घरी जेवून गेला तू! अक्कानं तुले वाढलं!"

"वय व्हयनं साहेब त्यासनं," मिस्तरी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला.

पावती मागितली, ती नव्हती. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, घरून जुने बिल घेऊन आल्या. त्यावर नंबर वेगळाच होता. माझ्या दृष्टीने निकाल लागला. नंबर चोरीचा, आणि स्वतःच्याच बिलावरून ती मोटार नानांची नाही. जमादार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, इकडे बदलीची काहीतरी पद्धत आहे म्हणतात. जरा चौकशी करू."

"चोरीचा माल घेणारा प्रत्येक जण काही ना काही पद्धत सांगतोच," असे मी उत्तर दिले. ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवते.

पंचनामा झाला. मोटार जप्त करून लाखेचे सील लावले आणि बैलगाडीतून ठाण्यात आणली. नानांना कोठडीत घातले. मी त्यांच्या अंगाला हात लावला नाही. पण ठाण्याची पायरी चढताच मी त्यांना नाना म्हणणे सोडले. 'ए म्हाताऱ्या' म्हणू लागलो. हातापेक्षा ते कमी नव्हते, हे मला आता कळते.

"कोण आणून देतं मोटारी?"

"मिस्तरी."

"मिस्तरी सोडून सांग."

"मंग दुसरं काय सांगू? खोटं चालंन का?"

माझे प्रश्न संपले की तेच बोलू लागत. "सायेब, मले ठेवा इथी. पन मोटार जाऊ द्या. केयीले पानी पाह्यजे."

मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही. मी नियमावर बोट ठेवले. नियम बरोबरच होता.

अक्का रोज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन येत. ती शिपायाच्या हाती देऊन त्या व्हरांड्यात ठेवलेल्या मोटारीजवळ बसत. नवऱ्याला सोडा असे त्यांनी मला एकदाही म्हटले नाही. "सायेब, बाग निसवली हाये. घड बाहेर पडले. आता पान्याची पायी चुकली का झाड उभंच्या उभं मोडते." पाण्याची पाळी चुकेल हे ऐकूनही मी कायदाच समजावून सांगितला. त्या ऐकून घेत राहिल्या आणि म्हणाल्या, "मोटार चोरीची असंन तं असो. पानी तं चोरीचं नाही नं?"

सुरुवातीला शेजाऱ्याने आपल्या पाटातून त्यांच्या बागेला पाणी दिले. मग त्याच्याही विहिरीवर पोलीस येतील, अशी भीती त्याला कुणीतरी घातली. त्याने पाट वळवून घेतला.

कोठडी वाढवून घेण्यासाठी मी नानांना कोर्टात उभे केले. न्यायाधीशांनी कागद चाळले आणि सहज विचारावे तसे विचारले, "ही मोटार यांची नाही, ठीक आहे. मग बिलावरची यांची स्वतःची मोटार कुठे आहे?"

चोरीच्या नंबरांमागे मी तालुकाभर फिरलो होतो, पण नानांच्या बिलावरचा नंबर शोधावा हे माझ्या मनातही आले नव्हते.

ठाण्यात परतताच दुसरी वही काढली, न जुळलेल्या विहिरींची. नानांच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे असलेल्या विहिरी मोजक्याच होत्या. बोट खाली नेता नेता एका नावावर थांबलो. ते त्या फिर्यादीचे नाव होते. खोकणाऱ्या मोटारीच्या मालकाचे.

मी तडक त्याच्या मळ्यावर गेलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतः विहिरीत उतरलो. हात सोलले, खाकी चिखलाने भरली. पट्टीवरची माती अंगठ्याने पुसून पूर्ण नंबर वाचला. तो नानांच्या बिलावरचाच होता.

वर येऊन विचारले, "ही मोटार कुठून आणली?"

"बदली. माझी चोरी गेली, मंग मिस्तरीनं हे देल्ली. दुसरं काय करनार? सगयेच आनता."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी कुठी विचारलं? तुमी चोरी गेलेलीच विचारली."

मग त्याने ती पद्धत समजावून सांगितली. उन्हाळ्यात मोटार जळाली की ती भरून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, मिळेपर्यंत केळी थांबत नाहीत. म्हणून शेतकरी जळालेली मोटार मिस्तरीकडे टाकतो आणि त्याच्याकडे तयार असलेली तितक्याच ताकदीची दुसरी उचलतो. नंतर परत अदलाबदल करायला कुणी जात नाही. पावती नाही, लिहिणे नाही. सगळ्या तालुक्याच्या मोटारी अशा एकमेकांच्या विहिरींवर फिरत होत्या आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. नंबर मोटारीचा होता, माणसाचा नव्हता. एवढी गोष्ट तालुक्यात एकट्या मला ठाऊक नव्हती.

आता मिस्तरीचे खोटे उघड झाले. नाना आपल्याकडे आलेच नाहीत म्हणणाऱ्याने नानांची जळालेली मोटार भरून फिर्यादीला दिलेली होती. मी जमादारांना विचारले, कोणकोणत्या विहिरींत मिस्तरी उतरला होता? त्या सगळ्या विहिरींत मी आमचे शिपाई पुन्हा उतरवले. कुरकुर या वेळी कुणीच केली नाही. चोरीच्या मोटारी एकामागून एक सापडत गेल्या. जिथे नंबर चोरीचा, तिथे मिस्तरीने शेवटचे आकडे बदलून सांगितले होते. माझी वही पाहून पाहून कोणती पाने कोरी आहेत हे त्याला माझ्यापेक्षा चांगले पाठ झाले होते. आणि त्या प्रत्येक मालकाचा जबाब एकच होता, मिस्तरीकडून बदली आणली.

मिस्तरीला बोलावले. तो नेहमीप्रमाणे हसत आला. व्हरांड्यातल्या, नानांकडून जप्त केलेल्या मोटारीकडे बोट करून मी म्हणालो, "शेवटचे दोन आकडे वाच." तो वाकला, पट्टीकडे पाहत राहिला. मग तो तिथेच खाली बसला.

"साहेब, बठ्ठं सांगस. माले आधी पानी द्या."

मग त्याने सगळे सांगितले. मागणी वाढली की तयार मोटारी कमी पडत. म्हणून त्याने आपल्या हाताखालच्या दोघांना विहिरींत उतरवायला सुरुवात केली होती. चोरलेली मोटार रंगवून दुसऱ्या गावी बदली म्हणून द्यायची. पाणी पिऊन झाल्यावर तो मला म्हणाला, "आते सांगा, मोटार तालुकानी बाहेर गयी का? पानी ते वावरमाच गये ना साहेब." त्याला ते खरेच पटलेले होते. गुन्हेगार बहुधा स्वतःची समजूत आधी घालतो, नंतर आपली.

नानांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि ते सुटले. मोटारी आपापल्या मूळ मालकांना द्यायच्या होत्या. त्या हुकमाला वेळ लागला. शेवटी नाना आपली मोटार घ्यायला आले. मी त्यांना खुर्ची दिली, नाना म्हटले. ते खुर्चीत बसले, पण मी दिलेल्या हाकेला त्यांनी ओ दिली नाही. मी विचारले, "बाग कशी आहे?"

"होती," ते म्हणाले.

मी जाऊन पाहिली. निसवलेली झाडे मधोमध मोडून घडांसकट पडली होती. अक्का पडलेल्या खोडांची पाने तोडून गुरांपुढे टाकत होत्या. त्यांनी मला पाहिले आणि काम चालू ठेवले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे पुढे तरुण अधिकारी विचारत. तपासाची ती युक्ती मी त्यांना सांगत असे, ती खरोखरच उपयोगी आहे. पण पुढचे सांगायचे राहून जाई. जुळलेला नंबर पाहताच मी वही मिटली होती. ज्या नंबरने नाना सुटले असते तो त्याच दिवशी माझ्याच दुसऱ्या वहीत होता. मला हवे होते तेवढेच मी शोधले, आणि आरोपीच्या बाजूने एकदाही शोधून पाहिले नाही. शिवाय ते आकडे खरे आहेत का हे पाहायला मी स्वतः कधी विहिरीत उतरलो नव्हतो.

बाग पुन्हा उभी राहिली. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात, नानांनी तेच वाढवले. पण पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यात बदली बंद झाली होती. लोकांनी मोटारींवर मोठ्या अक्षरांत आपापली नावे रंगवली. मोटार जळाली की जो तो आपलीच भरून यायची वाट पाहत बसे आणि तोवर बाग सुकू देई. दुसऱ्याची मोटार विहिरीवर दिसली तर फौजदार नेईल, ही भीती. मिस्तरी तुरुंगात होता, त्यामुळे ही भीती त्याची नव्हती, माझी होती.

त्याच उन्हाळ्यात एक दिवस नाना ठाण्यात आले. उभ्यानेच म्हणाले, "शेजाऱ्याची मोटार जयली. दोन पायी पान्यापुरती माझी देतो त्याले. मले लिहून द्या."

हा तोच शेजारी, ज्याने पाट वळवून घेतला होता.

"नाना, त्याला पोलिसांच्या परवानगीची गरज नाही. खुशाल द्या."

"तुमी म्हनता. उद्या दुसरा सायेब येईन. त्याले काय दाखवू?"

मी कागद घेतला. अमुक नंबरची मोटार अमक्याने आपल्या राजीखुशीने शेजाऱ्यास वापरावयास दिली आहे, असे लिहिले. सही केली, ठाण्याचा शिक्का मारला. नानांना वाचता येत नव्हते. त्यांनी कागद उलटा धरून माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "नंबर वाचून दाखवा सायेब. पुरा वाचा."

मी पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सावकाश वाचला. त्यांनी ऐकून घेतला, कागदाची घडी टोपीत ठेवली आणि ते पायऱ्या उतरून गेले.